तुळशीभाऊंचा एक नंबर

तुळशीभाऊंशी वाद घालायचा असेल तर चहा आधीच पिऊन घ्यावा लागे. वाद सुरू झाला की ते समोरच्याचं मनगट धरायचे, घट्ट, आणि आपलं म्हणणं पटेपर्यंत सोडायचे नाहीत. डाव्या हाताने चहा पिण्याची मला सवय नाही. वाशिम जिल्ह्यातल्या रिसोडच्या बाजार समितीच्या कॅन्टीनमध्ये माझे किती चहा थंडगार झाले असतील, त्याला गणती नाही. आणि वाद कशावरून? आजूबाजूला सोयाबीनचे ढीग, भाव पडला म्हणून कावलेले लोक, आणि आमचा वाद बास्केटबॉलवरून.

मी तेव्हा रिसोडला एका शाळेत मराठी शिकवत होतो. आता बदली होऊन दुसऱ्या जिल्ह्यात आलोय. इथे कोणी माझं मनगट धरत नाही, चहा गरम पिता येतो, आणि खरं सांगू, त्या गरम चहाचा मला संताप येतो.

तुळशीभाऊ एका अडत दुकानात माल पाहायचं काम करायचे. शेतकऱ्याने ढीग ओतला की व्यापारी बोली लावायच्या आधी तुळशीभाऊ पुढे व्हायचे. माणूस बुटका, हाडकुळा, डोक्यावर पांढरी टोपी, तिचा रंग मात्र हंगाम संपेपर्यंत मातकट. ढिगाच्या वरच्या दाण्यांकडे ते बघायचेच नाहीत. बाही वर सारायची, कोपरापर्यंत हात आत खुपसायचा, आणि तळाशी असलेला मूठभर माल बाहेर काढायचा. मग एक दाणा दाढेखाली. कट्‌ असा आवाज आला की वाळलेला, नुसता दबला की ओला. समितीत ओल मोजायचं मशीन आलं होतं. पण मशीन आणि तुळशीभाऊ यांच्यात फरक पडला तर लोक मशीन झटकून पुन्हा लावायचे.

आणि दोष आधी. हा त्यांचा कायदाच होता. ढिगावर उभं राहून ते खणखणीत आवाजात पुकारायचे, "ओल हाय! डागी दाना हाय! माती बोटभर हाय!" ढीग आपल्याच दुकानाचा असला तरी. नवीन शेतकरी हादरायचा, की हा आपला माणूस का परक्याचा? जुन्यांना माहीत होतं, की एवढं बोलून तुळशीभाऊ गप्प झाले म्हणजे बाकी माल चोख, आणि बोली चढायची.

"वरचा दाना सगळ्यायचा चांगला असते, मास्तर," ते मला सांगायचे. "वरचा दाना पाहून काय करता?"

बास्केटबॉल त्यांच्या आयुष्यात आलं ते लिलावाच्या शेडमधून. उन्हाळ्यापासून नवा सोयाबीन येईपर्यंत ती मोठी सिमेंटची शेड रिकामी पडलेली असते. कोण्या एका शाळेच्या पीटीच्या सरांनी समितीच्या हातापाया पडून शेडच्या दोन टोकांना दोन रिंगा लावून घेतल्या. पोट्टे-पोट्ट्या खेळायला लागले. शेडची किल्ली तुळशीभाऊंकडे, म्हणून ते कुलूप उघडायचे आणि बसून राहायचे. आधी वैतागून, मग गंमत म्हणून, आणि मग काय झालं ते त्यांनाही कळलं नाही. सरांची बदली झाली. रिंगा राहिल्या, पोट्ट्या राहिल्या, आणि शिट्टी तुळशीभाऊंच्या गळ्यात आली. आयुष्यात एकदाही बॉल रिंगमध्ये न टाकलेला माणूस प्रशिक्षक झाला. त्यांची बायको, आमच्या वहिनी, म्हणायच्या, "दोन पोरं मोठे केले, त्यायच्या शाळेत कधी गेले नाई. आता ह्या वयात चेंडवामांगं!"

दरवर्षी जूनमध्ये अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या संघांची निवड होते. ड्राफ्ट म्हणतात त्याला. नव्या खेळाडूंमधून एकेक संघ पाळीपाळीने आपला माणूस उचलतो. आपल्याकडे तेव्हा सकाळ असते. तुळशीभाऊ, सलीमभाई आणि मी, तिघं कॅन्टीनच्या बाकड्यावर एका मोबाईलला डोकी लावून बसायचो. सलीमभाई समितीतले मापारी. माल तोलायचं काम त्यांचं, आणि त्यांचा एकच सिद्धांत, की उंच तो भारी. तुळशीभाऊंना इंग्रजी ओ का ठो कळत नसे. ते आवाज बंद करायला लावायचे आणि नुसती माणसं बघायचे.

एका वर्षी त्यांनी सगळ्यांच्या आधी जाहीर करून टाकलं, "तो पाहा, निळ्या कोटातला. एक नंबर."

"काहून?" सलीमभाईंनी विचारलं.

"बसला कसा पाह्य ना. बाकीचे पाय हालवून राह्यले, नखं खाऊन राह्यले. हा भिंतीवानी बसला. सामन्यात गडबडनार नाई."

आम्ही तासभर भांडलो. शेवटी त्या टेबलावरचं नाव पुकारलं गेलं आणि उठला तो शेजारचा पोरगा, नखं खाणारा. निळ्या कोटातला त्याचा भाऊ निघाला. त्याने नुसत्या टाळ्या वाजवल्या. सलीमभाई हसता हसता बाकड्यावरून खाली आले. तुळशीभाऊंवर काही परिणाम नाही. म्हणाले, "मंग भावाले घ्याले पायजे होतं. गलती त्यायची हाय."

अशा माणसाच्या हयातीत आपल्याच राज्यात मुलींची व्यावसायिक लीग निघाली, तेव्हा त्यांचं काय झालं असेल विचार करा. सहा संघ, प्रत्येक संघात पाच नव्या मुली, पाळीपाळीने निवड, सगळं मोबाईलवर दिसणार. निवडीआधी अकोल्याला चाचणी. आमच्या विभागातून कोणत्या मुली जाणार, कोण पहिल्या फेरीत, कोण शेवटी, यावर कॅन्टीनमध्ये जो गदारोळ सुरू झाला, तसा निवडणुकीतही मी ऐकला नाही.

माझा एक नंबर होता वाशिमची श्वेता. लांबून असा बॉल टाकायची की रिंगला न शिवता आत. सलीमभाईंची कारंज्याची एक मुलगी होती, सहा फुटाला टेकलेली. आणि तुळशीभाऊंचा एक नंबर पूनम.

पूनम मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरची. आईबाप दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, म्हणून ती लहानपणापासून वसतिगृहात. आता रिसोडला कॉलेजात होती. मध्यम उंची, बारीक, कपाळावर कायम आठी. डाव्या हाताने बॉल मारायची तर बॉल तिचं ऐकायचा नाही. मी तुळशीभाऊंना हे सगळं मोजून सांगितलं. त्यांनी माझं मनगट धरलं.

"मास्तर, ह्या शेडमंदी खेळताना पाह्यलं तिले? फरशीवर दाने असते. कितीबी झाडा, राह्यतेच. तुमची श्वेता इथं आलती, तीन डाव घसरली. हे पोट्टी आजलोक घसरली नाई. भरधाव येते आन् दान्यायवर उभी राह्यते. बॉल टाकाचं शिकवता येते. उभं राह्याचं कोन शिकवन?"

"पण उंची?" सलीमभाई म्हणाले.

"तू काट्यावर तोल तिले. उंचीचं मी पाह्यतो."

रोजचा भाव लिहायच्या फळ्याच्या मागच्या बाजूला तुळशीभाऊंनी खडूने यादी केली होती. पूनम एक, श्वेता दोन, कारंजावाली सात. आम्ही दोघं ती पुसून आपापली लिहायचो, ते सकाळी पुन्हा आपली लिहायचे. एकदा वाऱ्याने फळा उलटा झाला आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. मूग घेऊन आलेला एक म्हातारा बराच वेळ फळ्यापुढे उभा राहिला आणि मला म्हणाला, "गुरुजी, हे पूनम कोन्तं वान हाय? एक नंबरवर हाय म्हंते. बियानं कुठी भेटते?" तुळशीभाऊंनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, "बाबा, एकच पेरा हाय. तांड्यावरचा."

हसण्यावारी चाललं होतं, तोवर गणपती झाल्यावर पूनमचे वडील काशीराम शेडमध्ये आले. अबोल माणूस. टोपी हातात घेऊन बोलायचा.

"भाऊ, एवढ्या डावचं खेळू देतो. नाव आलं तं जाईन ती. नाई आलं तं आमच्यासंगं येईन उसाच्या फडावर. हिची माय आता थकली, मोळी उचलत नाई तिच्यानं. घरात दोन हात पायजेत."

त्यात रागाचा लवलेश नव्हता. पूनम रिंगखाली उभी राहून ऐकत होती. तुळशीभाऊ एवढंच म्हणाले, "बरं." त्या दिवसापासून फळ्यावरची यादी आम्ही पुसली नाही.

चाचणीला आम्ही चौघं एसटीने अकोल्याला गेलो. तिथे लाकडी फरशीचं बंदिस्त मैदान, दिव्यांचा लखलखाट. पूनमने असं कधी पाहिलं नव्हतं. सुरुवातीला तिने टाकलेलं सगळं रिंगला आपटून बाहेर आलं. मग सामना लावला, आणि ती हळूहळू खेळात आली. दुसऱ्यांचे पास हिसकावले, उंच मुलींच्या पुढ्यात अचानक थांबली, त्या पुढे निघून गेल्या. मला वाटलं, जमलं. श्वेता तर चमकलीच. मी मनात माझी पाठ थोपटली.

संघांसाठी मुली पारखायला आलेल्यांत एक मॅडम होत्या, जुन्या खेळाडू. त्या वही घेऊन प्रत्येक मुलीच्या प्रशिक्षकाला विचारत होत्या. प्रत्येक जण आपल्या मुलीची पदकं, प्रमाणपत्रं सांगत होता. एकाने तर आपली मुलगी सकाळी किती वाजता उठते तेही सांगितलं. आमची पाळी आली. मॅडमनी विचारलं, "हिच्याबद्दल काय सांगाल?"

तुळशीभाऊंनी टोपी सारखी केली, आणि ढिगावर उभं राहून पुकारायचे त्या आवाजात सुरू झाले.

"डावा हात अर्धाच चालते. उंची तुमच्या हिशेबानं दोन बोटं कमी हाय. लांबून टाकते त्यातले अर्धे बाहेर येते. भलती चिडते. आन् हरली का जेवत नाई."

सगळं मैदान आमच्याकडे बघत होतं. मॅडमचं पेन वहीवर थांबलं.

"आणि चांगलं काही?"

"चांगलं तुमी पाहा. मी सांगाले लागलो तं तुमी पाहनार नाई."

मॅडमनी काहीतरी लिहिलं आणि पुढच्या मुलीकडे गेल्या.

परतीच्या एसटीत जे झालं त्याला वाद म्हणत नाहीत. सलीमभाई म्हणाले, "तुळशी, तू पागल हो गया क्या? सोयाबीन है क्या वो? बच्ची है!" मीही सोडलं नाही. तुम्ही पोरीचं वाटोळं केलं, असं मी तोंडावर म्हणालो. शब्द फार मोठा होता, पण मला खरंच तसं वाटलं.

"तीस वर्षं झाले," तुळशीभाऊ खिडकीबाहेर बघत म्हणाले. "पयले दोष सांगतो, म्हून माह्या ढिगावर बोली लागते. मले दुसरं येत नाई, मास्तर."

आमच्या जिल्ह्यातलं मालेगाव आलं. पूनम एकदम म्हणाली, "काका, बाकी समदं ठीक. हरल्यावर जेवत नाई, हे काहून सांगतलं? ते तं घरचं व्हतं!"

तुळशीभाऊ कसनुसं हसले. पण माणूस आतून हलला होता. पुढच्या काही दिवसांत नवा सोयाबीन यायला लागला, आणि एक गोष्ट समितीत सगळ्यांच्या लक्षात आली. तुळशीभाऊ दाणा चावायचे, ओल सांगायचे, आणि मशीन वेगळंच दाखवायचं. लोकांनी मशीन झटकलं. पुन्हा लावलं. मशीन बरोबर होतं. हे त्या आवारात पहिल्यांदा घडत होतं. तुळशीभाऊ दाणा तोंडात धरून, चावायचं विसरून, तसेच उभे असायचे. शेड मालाने भरत चालली होती, तिच्या कडेच्या पट्टीत पूनम दातओठ खाऊन एकट्या डाव्या हाताने बॉल आपटत राहायची. रागात होती, पण यायची रोज.

निवडीचा दिवस उजाडला तेव्हा शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. रेषा, वर्तुळं, सगळं सोयाबीनखाली. रिंगा तेवढ्या वर लटकत होत्या. सलीमभाईंनी मोबाईल वजनकाट्याला टेकवून ठेवला. काशीराम तांड्यावरून पूनमला घ्यायला आले होते. तिची पिशवी भरलेली, त्यांच्या पायाशी. ती पोत्यांच्या थप्पीवर पाठ करून बसली होती. बघणार नाही म्हणाली.

पहिल्या फेरीत तिसरं नाव श्वेताचं आलं. मी ओरडलो आणि लगेच लाज वाटून गप्प बसलो. दुसऱ्या फेरीत सलीमभाईंची उंच मुलगी गेली. ते ओरडलेच नाहीत. तिसरी फेरी सुरू झाली, तसे हमाल पोती खाली ठेवून जमले, व्यापारी बोली सोडून आले, शेतकरी आले. कोणाला काही माहीत नव्हतं, पण सगळ्यांना कळत होतं. तिसरी फेरी संपली. अठरा नावं झाली. काशीराम खाली वाकले आणि त्यांनी पिशवीचा बंद हातात घेतला.

तुळशीभाऊ बघतच नव्हते. ते एका ढिगात कोपरापर्यंत हात घालून नुसते उभे होते. हात बाहेर काढत नव्हते.

चौथी फेरी. पहिलं नाव कोल्हापूरचं. दुसरी पाळी ज्या संघाची, त्याच्या टेबलावर त्याच मॅडम बसल्या होत्या. त्यांनी चिठ्ठी पुढे केली, आणि निवेदकाने वाचलं, पूनम, रिसोड, जिल्हा वाशिम.

आरडाओरडा असा झाला की छतावरची कबुतरं उडाली. मी सगळ्यांना गप्प करत होतो, कारण मॅडम पुढे काहीतरी बोलत होत्या. निवेदकाने विचारलं होतं, हे नाव कोणाच्याच यादीत नव्हतं, तुम्ही कसं घेतलं? मॅडम म्हणाल्या, "या मुलीतले दोष आम्हाला आधीच माहीत आहेत. बाकीच्यांचे आता हंगामभर शोधावे लागतील. आणि दोष ऐकल्यावर मी तिच्याकडेच बघत बसले. ती एकदाही घसरली नाही."

हमालांनी ओंजळी भरभरून सोयाबीन उधळला. सलीमभाई आधी ओरडले, "अरे माल है वो, माल!" आणि मग त्यांनीच दोन्ही हातांनी उधळला. ज्याचा ढीग होता तो शेतकरीही उधळत होता. पूनम थप्पीवरून उडी मारून खाली आली, सरळ दाण्यांवर, आणि जिथं पाय टेकले तिथंच उभी राहिली. मग मात्र ती तोंड झाकून रडली.

आणि तुळशीभाऊ? ते भडकले.

"विसावी? विसावी! एकोनीस जन आंधळे हायेत काय? मास्तर, लावा त्या मॅडमले फोन! मी बोलतो तिच्यासंगं!"

"भाऊ, आली ना पोरगी!" मी म्हणालो.

"आली कशी? एक नंबरची पोट्टी विसाव्या नंबरावर आली! हा लिलाव मले मान्य नाई!" आणि हे म्हणताना डोळ्यांतून पाणी गालांवरून मिशीत जात होतं, आणि त्यांना ते ठाऊकही नव्हतं. मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. मी पडलो नाही. मास्तरपणा आडवा आला, आणि ते मला अजून खुपतं.

काशीराम गर्दीतून वाट काढत माझ्याजवळ आले. "गुरुजी, म्हंजे झालं का नाई?"

"झालं. जाणार ती."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. "फडावर टीव्ही नसते," ते म्हणाले. "पाह्याचं कसं?" सलीमभाईंनी तिथल्या तिथे त्यांचा मोबाईल मागून घेतला आणि त्यावर सामना कसा लावायचा ते दाखवायला बसले. जाड बोटांनी काशीरामांनी तो पाच वेळा लावून पाहिला.

दिवाळीच्या थोडं आधी पूनम पुण्याला निघाली. त्यानंतर महिन्याभरात माझीही बदली झाली, म्हणून रिसोडच्या एसटी स्टँडवरची ती सकाळ हीच माझी तुळशीभाऊंची शेवटची ठळक आठवण. तांड्यावरून बाया आल्या होत्या, आरशांच्या ओढण्या घेऊन. त्यांनी पूनमला मध्ये घेऊन असं काही गाणं लावलं की कंडक्टरही तिकिटं फाडायचा थांबला. सलीमभाईंनी चिवड्याची एवढी मोठी पिशवी दिली की ती ठेवायला दुसरी सीट लागली. तुळशीभाऊ धुतलेली टोपी घालून आले होते. खांबाला टेकून उभे. पूनम पाया पडली. "जेवत जाय," एवढंच म्हणाले.

बस निघाली. बाया हात हलवत फाटकापर्यंत गेल्या. काशीराम तुळशीभाऊंच्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी टोपी हातात घेतली.

"भाऊ, तुमी तं समद्यायचं सांगता. खेळन का ती तिकडं? टिकन का?"

मी कान टवकारले. अमेरिकेतल्या पोरांपासून वाशिमच्या श्वेतापर्यंत कोणाबद्दलही तासभर बोलू शकणारा माणूस. तुळशीभाऊ बस गेली त्या वळणाकडे बघत राहिले.

"मले नाई सांगता येत, काशीराम," ते म्हणाले. "दुसऱ्याची असती तं सांगतलं असतं."